राजधानीतली भवानी

"ओमाय ना? हा गेलो आणि हा आलो. तुझा चहा निवायच्या आत डबा तुझ्या हातात," असं म्हणून ख्वातकाकांनी लॉजच्या दारात चपला चढवल्या. चढवल्या म्हणजे पाय त्यांत कसेबसे कोंबले. हानोई बघून बघून दोन्ही पाय पावासारखे फुगले होते.

आमच्या गावच्या ज्येष्ठ मंडळाची सहल होती. राजधानीत आलोच आहोत तर काही सोडायचं नाही, असा अध्यक्षांचा हुकूम. त्यामुळे मंडळींनी तळं पाहिलं, तळ्यातलं देऊळ पाहिलं, एक संग्रहालय पाहिलं आणि त्याच्याबाहेरची रांग तर संग्रहालयापेक्षा जास्त वेळ पाहिली. लुआकाकूंचे गुडघे पहिल्याच दिवशी संपावर गेले. उरलेली राजधानी त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिली आणि जराही कुरकुर केली नाही. फक्त निघायच्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "अहो, मला दुसरं काही नको. इथे ते आल्यात घोळवलेल्या जर्दाळूंचं ओमाय मिळतं ना, तेवढं आणा. आपल्या लग्नात माझ्या मामानं इथूनच आणलं होतं. ती चव अजून जिभेवर आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात लुआकाकूंनी तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच वस्तू. काकांना भरून आलं. नाश्ता झाला की बस सुटणार होती, पण काकांना घाई नव्हती. बाजारात आपल्याला काही अडणार नाही, अशी त्यांची खात्री होती, कारण त्यांचा पायगुण.

आमच्या गावात कोणालाही विचारा. नव्या वर्षात दुकान उघडायचं म्हटलं की भवानीला ख्वातकाकाच लागतात. किराणावाला असो, न्हावी असो, बदकं विकणारी म्हातारी असो, पहिलं गिऱ्हाईक म्हणून सगळे त्यांना हाताला धरून नेतात. लुआकाकूंचं माशांच्या सॉसचं दुकान आहे, त्याची भवानीही रोज सकाळी काकाच करतात. बाटली घरात भरलेली, दुकान घरचं, आणि काका पूर्ण पैसे मोजून ती विकत घेतात. "माझ्या हातची भवानी झाली की दुपारपर्यंत माल खलास," असं ते चहाच्या टपरीवर बसून सांगतात, आणि कोणी हसत नाही.

तर असे ख्वातकाका सकाळी सकाळी जुन्या बाजारात शिरले. इथे प्रत्येक मालाची गल्ली वेगळी. पत्र्याच्या गल्लीत एक माणूस नुकताच दुकान मांडत होता. काकांनी नम्रपणे विचारलं, "भाऊ, ओमायची दुकानं कुठल्या गल्लीत?"

त्या माणसाचा हातोडा हवेतच थांबला.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "माझी अजून भवानी झाली नाही."

"मी फक्त रस्ता विचारतोय."

"हो ना. सकाळचा पहिला माणूस दारात आला, आणि विचारून चालला." त्यानं सुस्कारा टाकला आणि काडेपेटीकडे नजर टाकली.

त्या नजरेचा अर्थ लहान मुलालाही कळला असता. असा माणूस पाठमोरा झाला की कागद पेटवायचा, उंबऱ्याभोवती फिरवायचा आणि त्याची पीडा जाळून टाकायची. आता ज्याला आख्खं गाव हाताला धरून नेतं, त्याच्या पाठीमागे कागद जळणार? काकांनी मुकाट्यानं पत्र्याची एक बादली घेतली. सांगितली ती किंमत दिली.

माणूस लगेच खुलला. "सरळ जा. बांबूची गल्ली लागली की कोणालाही विचारा."

हे 'विचारा'च नडलं.

बांबूच्या गल्लीत एक जाडजूड बाई उकिडवी बसून शेवयांचा वाडगा संपवत होती. काकांनी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "या काका, या. पहिलंच गिऱ्हाईक बादलीवालं आलं. पाणीदार दिवस जाणार."

"ताई, मला खरं तर..."

"खरं तर काय? नुसतंच विचारायचंय?" तिचा चेहरा पडला. "विचारा. कालही असाच एक विचारून गेला. दिवसभर माशा मारल्या मी."

काकांनी दुकानभर नजर फिरवली. "यात सगळ्यात लहान काय आहे?"

बाईनं मनापासून शोधलं. सगळ्यात लहान होती ती एक शिडी.

ज्यांनी कधी खांद्यावर शिडी आणि हातात बादली घेऊन हानोईचा रस्ता ओलांडला नाही, त्यांना थकवा म्हणजे काय ते कळायचं नाही. इथे रस्ता ओलांडायची रीत सोपी आहे. थांबायचं नाही, पळायचं नाही, सावकाश चालत राहायचं. स्कूटरी आपोआप बाजूनं जातात. पण त्या माणसाच्या बाजूनं जातात, शिडीच्या नाही. काका मधोमध पोचले तेव्हा पुढच्या टोकाला एक फुलवाली अडली होती आणि मागच्या टोकाला नुसता आरडाओरडा होता.

"आजोबा, घर बांधताय का?" एक जण ओरडला.

"ओमाय आणायला चाललोय," काका म्हणाले.

पुढची गल्ली कागदाची. पितरांसाठी जाळायची कागदी घरं, कागदी कपडे, कागदी टीव्ही असं सगळं तिथे मिळतं. आता काही झालं तरी कोणाला काही विचारायचं नाही, असं काकांनी पक्कं ठरवलं. पाटी दिसेपर्यंत नाकासमोर चालायचं. ते नाकासमोर चाललेही. पण मागून हॉर्न वाजला म्हणून जरा वळले, आणि शिडीचं टोक एका दुकानात शिरलं.

"या, या," आतून एक म्हातारा प्रसन्नपणे म्हणाला.

"मी आलो नाही. शिडी आली."

"शिडी तुमचीच ना?"

काकांना आता कुठेतरी बसायचं होतं, दुसरी काही इच्छाच उरली नव्हती. म्हाताऱ्यानं स्टूल पुढे केलं आणि ते बसले. आणि जो बसला त्यानं घेतलं, हे साऱ्या बाजाराला माहीत आहे. म्हाताऱ्यानं एक लाल कागदी स्कूटर त्यांच्या मांडीवर ठेवली.

"वडिलांना पाठवा."

"वडिलांना सायकलही येत नव्हती हो."

"तिकडे शिकतील. तिकडे वेळच वेळ आहे."

ओमायचं दुकान शेवटी सापडलं तेव्हा काकांच्या खांद्यावर शिडी होती, हातात बादली, बादलीत स्कूटर, आणि खिशात एकच चुरगळलेली नोट. काचेच्या बरण्यांत ओमाय चमकत होतं. आल्याचा वास थेट रस्त्यावर येत होता. दुकान रिकामं होतं. दुकानदारीण देव्हाऱ्यात उदबत्ती लावत होती, म्हणजे इथेही भवानी व्हायचीच होती.

काकांनी दारावरची किमतीची पाटी वाचली. मग नोटेकडे पाहिलं. भाव केला असता तर कदाचित जमलं असतं, पण काकांनी जन्मात कधी भाव केला नव्हता. आणि तोही भवानीच्या वेळी? आत जाऊन रिकाम्या हाती बाहेर यायचं? मग त्यांनी एक युक्ती काढली. दुसरं कोणीतरी आधी आत जाऊ दे, त्याच्या हातानं भवानी होऊ दे, मग आपण जाऊ.

पण दारात शिडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ओलांडून आत कोण जाणार? एक जोडपं आलं, थबकलं आणि शेजारच्या दुकानात गेलं. मग दोघी बहिणी आल्या, "रंगकाम चाललंय वाटतं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. तिकडे लॉजवर नाश्ता आटोपत आला असणार. लुआकाकू पायरीवर बसून रस्त्याकडे डोळे लावून असणार.

दुकानदारीण बाहेर आली. तिच्या एका हातात कागद होता आणि दुसऱ्या हातात काडेपेटी.

"काका, येताय की जाताय?"

"पोरी, ते पेटवू नकोस," काका म्हणाले. "माझ्या बायकोनं आयुष्यात एक गोष्ट मागितली आहे. माझ्याकडे एवढीच नोट आहे. पाहिजे तर ही शिडी घे."

तिनं शिडीकडे पाहिलं. मग छताला टेकलेल्या वरच्या फळीवरच्या बरण्यांकडे पाहिलं. काडेपेटी खिशात गेली.

"चालेल," ती म्हणाली. "पण भवानी रोखीनं व्हायला हवी. नोटही ठेवा."

काकांनी नोटही ठेवली.

बस सुरू होऊन थरथरत उभी होती. अध्यक्ष घड्याळाकडे बघून लाल झाले होते. काका बादलीसकट आत चढले आणि लुआकाकूंच्या शेजारी कोसळले. डबा दिला. काकूंनी एक जर्दाळू तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि शहराबाहेरच्या पुलापर्यंत ते तोंडात घोळवत राहिल्या.

मग म्हणाल्या, "तेच. अगदी तेच." आणि थोड्या वेळानं, "केवढ्याला पडलं?"

"एक शिडी. आणि वर एक नोट."

लुआकाकूंनी बादलीकडे पाहिलं. "बादलीच्या बदल्यातसुद्धा दिलं असतं तिनं."

हे काकांना सुचलंच नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत बसले. मग दुखऱ्या आवाजात म्हणाले, "या शहराला माझ्या पायगुणाची किंमतच नाही. गावात मला हाताला धरून नेतात."

"अहो," लुआकाकू अगदी मायेनं म्हणाल्या, "तुम्ही भाव करत नाही म्हणून नेतात. आख्ख्या गावाला ठाऊक आहे."

बादलीतली कागदी स्कूटर वाऱ्यानं फडफडत होती.

"मग तू मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर माझ्या दुकानाची रोजची भवानी कोणी केली असती?" त्या म्हणाल्या, आणि डबा त्यांच्यापुढे धरला.

काकांनी एक जर्दाळू उचललं. किंमत मात्र विचारली नाही.