कोन मोजणारे सोपानमामा

लोक शर्टाच्या खिशात मोबाईल ठेवतात. आमच्या वडगाव रासाईचे सोपानमामा कोनमापक ठेवतात. शाळेच्या कंपासपेटीतला, अर्धा गोल, आकडे पुसत आलेला. लग्नाच्या पंगतीत ताटातली वडी आधी मोजणार, मग खाणार. एकदा वाढप्याला म्हणाले, "हिचा कोन चुकलाय. पर साखर चोख हाय."

मामा मूळचे मेंढपाळ. मेंढरांमागं हिंडताना ओढ्यातले चकाकते खडे गोळा करायचे. पुढं विहिरींवर सुरुंगाच्या कामाला लागले आणि खड्यांचं वेडच लागलं. कॉलेजची मुलं दगड पाहायला आली की मामा त्यांच्या मागं मागं. "आतला माल जसा, तसा भायेरचा बांधा," हे त्यांचं पालुपद. मीठ चौकोनी का आणि तुरटीला आठ पैलू का, हे ते एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगत. ती बिचारी एक थांबा आधीच उतरून जाई.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, सामाईक बांधावर विहीर घेतली. खाली खडकात पोकळी लागली. आत नुसता लखलखाट! गावभर झालं, हिरे सापडले. दादानं लगेच काठावर बाज टाकली. "पोकळी माझ्या बाजूला हाय," म्हणाला. मी समोरच्या काठावर बाज टाकली. दोन दिवस आम्ही एकमेकांवर डोळा ठेवून बसलो. तिसऱ्या दिवशी दादा फोनवर कुणाला तरी वकिलाचा नंबर विचारू लागला, तेव्हा मी घाबरून मामांना आणलं.

मामांनी एक खडा हातोडीनं फोडला. सगळे तुकडे तिरक्या डबीसारखे पडले. मोठा मोजला, मग नखाएवढा. "अठ्ठ्याहत्तर. ह्योबी अठ्ठ्याहत्तर. बारीक केला तरी कोन त्योच." मग चाकूनं खरवडून भुकटीवर लिंबू पिळलं. बारीक फेस आला.

"हिरा आसा फुटत न्हाई, चाकूला दाद देत न्हाई, आन् लिंबानं तर मुळीच फसफसत न्हाई. चुनखडीचा माल हाय ह्यो."

"नक्की ना, मामा?" दादानं विचारलं.

"कोन खोटं बोलंल व्हय?"

दादा मटकन बाजेवर बसला. "सुटलो बाबा!" म्हणाला आणि हसायला लागला. मलाही हसू आवरेना. "बाळू, घरी चल. दोन दिस झालं, तुझी वहिनी धड जेवली न्हाई."

जेवणं झाल्यावर मामांना सोडायला मी मोटारसायकल काढली.

"तुझा दादा लगीच बोलला रं तुझ्याशी," मागं बसलेले मामा कानाशी म्हणाले.

"व्हय की."

"मला नदीपल्याड खुटबावला सोडशील? थोरला भाऊ हाय माझा तिथं."

मामांना भाऊ आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"मेंढरं वाटताना बोलणं तुटलं. बारा वर्सं झाली. चूक कुणाची, त्येबी आता आठवत न्हाई."

खुटबावला अंगणात एक म्हातारा शेळीला पाला टाकत होता. त्यानं मान वर केली, डोळे बारीक केले. मामा फाटकाशीच थबकले. अनोळखी माणसाला तासभर सोडत नाहीत, पण इथं खिशातला कोनमापक चाचपत उभे राहिले.

"सोपाना," म्हातारा म्हणाला, "चा घेशील न्हवं?"

"घेतो की, आण्णा."

मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "तू जा रं. मी आज हितंच ऱ्हातो."