वीज गाळायचा डबा

"गाणं झ्याक हाय, पण मागं भुंगा कुणी पाळलाय रं?" असं नानासो म्हणाले आणि सुभेदार लालासाहेबांची झोप उडाली. दोघं तोफखान्यात एकाच तोफेवर होते. निवृत्तीनंतर लालासाहेब साताऱ्यात राहिले, नानासो म्हसवडला. लालासाहेबांनी हौसेनं मोठे स्पीकर घेतले, ते नानासोंनी वाहवा करावी म्हणून. त्यांनीच नावं ठेवली. बरं, त्यांचं म्हणणं खोटं म्हणावं तर गाणं हळू झालं की लालासाहेबांनाही ती बारीक गुणगुण ऐकू यायची.

"मला तर काय ऐकू येत न्हाई," त्यांची बायको लीलाबाई म्हणाल्या.

"तुला गाण्याचा कान न्हाई," सुभेदारांनी निकाल दिला.

पुण्याच्या दुकानदारानं फोनवरच रोग ओळखला. घरातली वीज गढूळ आहे, तिला पॉवर कंडिशनर लावा, म्हणजे तो डबा वीज गाळून स्पीकरला देईल. डबा आला. सुभेदारांनी त्याच्यापुढं नारळ फोडला, गाणं लावलं. भुंगा होता तिथंच होता.

पण माघार घेतील ते सुभेदार कसले. डबा चांगला आहे, शत्रू घरातच आहे, असं ठरवून ते मोहिमेवर निघाले. आधी पिठाची घरघंटी बंद झाली. इन्व्हर्टरची तर वायरच निघाली. शेजारच्या आकारामांना बोअरची मोटर बंद ठेवावी लागली. त्यांचा जावई अंगाला साबण लावून ताटकळला आणि नको ते बोलला. रविवारी नानासो पुन्हा येणार म्हणून सकाळीच फ्रिजही बंद झाला.

"आवं, बासुंदी नासंल. पाव्हण्याला काय वाढू?"

"नासकी वाढ. फ्रिज लावायचा न्हाई."

नानासो आले, बसले. गाणं सुरू झालं. संथ आलाप आला तसे दोघांनीही कान टवकारले.

"लय केलंस गड्या," नानासो ओशाळून म्हणाले, "पण हाय."

सुभेदारांचा चेहरा असा पडला की लीलाबाईंचा बासुंदीचा राग विरला. त्यांना नवऱ्याची दया आली. त्या तडक बाहेर गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, गाणं बंद पडलं.

"आता ऐका."

दोघं ऐकू लागले.

"हाय की," लालासाहेब हळूच म्हणाले.

"व्हय. हाय," नानासो म्हणाले.

"सगळ्या घराची लाइट बंद केलीया मी," लीलाबाई म्हणाल्या. "डबाबी बंद हाय. मला फकस्त तुमी दोघं ऐकू येताय."

मग नानासोंनी कानावर तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"आमच्या वस्तीवरबी असतोय ह्यो. मी म्हणायचो, कुणाचा तरी पंप असंल."

"तोफंचा हाय रं," लालासाहेब म्हणाले. "तोफ तितंच ठिवून आलो, आवाज तेवढा पेन्शनीसंगं आला."

इतके दिवस एकट्यानं सोसलेली गोष्ट जोडीदाराच्याही कानात निघाली, याचा लालासाहेबांना मनापासून आनंद झाला. त्यांनी बायकोला मेन वर करायला सांगितलं, गाणं लावलं आणि दोघांनी ते भुंग्यासकट शेवटपर्यंत ऐकलं.

डबा आता घरघंटीला जोडला आहे. गाळलेल्या विजेचं पीठ लय मऊ येतं, असं लीलाबाई येईल त्याला सांगतात. सुभेदार चपातीचा तुकडा मोडतात आणि गुमान मान डोलावतात.