पलीकडची बाजरी

आमचे माणिकतात्या बाजरीशी बोलतात. तेही मनातल्या मनात नाही, अहमदपूरच्या बाजारात भाव पुकारावा तसे, खणखणीत. माझं शेत त्यांच्या शेताला लागून आहे, त्यामुळे हे सगळं मला फुकटात ऐकायला मिळतं.

"काय गं बाई, फुटवे आले न्हवं? मग आज पानी. वापसा आला, रान जरा सुकलं, की मग युरिया. कोरड्यात न्हाई हं! आधी घोट, मग घास!"

'आधी घोट, मग घास' हे तात्यांचं ब्रह्मवाक्य. एका लग्नात पाण्याआधी पानात जिलेबी पडली, तर वाढप्याला त्यांनी बाजरीचा दाखला देऊन असं झापलं, की तो बिचारा पुन्हा त्या ओळीकडे फिरकलाच नाही. तात्या अर्धपोटीच उठले.

गाव म्हणायचं, म्हातारं चळलं. मीही म्हणायचो. पण एक गोष्ट खटकायची. तात्या बोलायचे ते नेहमी एकाच धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, उभं राहून, आणि आपल्या बाजरीकडे पाठ करून.

धुऱ्यापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं, दौलतचं शेत. वाटणीत याच धुऱ्यावरून दोघांचं बोलणं तुटलं. दौलत कष्टाळू, पण पेरणीपासून खतापर्यंत सगळ्यालाच उशीर. तात्या बाजरीला सांगायचे आणि पलीकडे दौलत गुपचूप तेच करायचा. मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं.

यंदा उन्हाळ्यात दौलतची विहिरीवरची मोटार जळाली. बाजरी ऐन फुलोऱ्यात. आत्ता पाणी चुकलं तर कणसं पोचट राहणार, आणि घरची भाकरही गेली. पिकानं माना टाकल्या होत्या. तात्या धुऱ्यावर आले.

"तुझं दाणं दुधात आलं गं, तुला चार दिस धकतंय. पलीकडचीला न्हाई धकत."

दौलत पलीकडे सुकल्या वाफ्यात उभा होता. तोही आपल्या बाजरीला म्हणाला, "पानी पायजे व्हय गं? पर मागू कोन्या तोंडानं?"

तात्यांनी खोरं उचललं आणि तोच धुरा स्वतःच्या हातानं फोडला. त्यांच्या पाटाचं पाणी दौलतच्या वाफ्यात शिरलं. चिखलात तात्यांचा पाय सटकला.

"दादा, दमानं!" दौलत ओरडला. बाजरीला नाही, थेट तात्यांना.

तात्या खोरं टेकून उभे राहिले. डोळे पुसले. मग पहिल्यांदाच आपल्या बाजरीकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाले, "ऐकलंस का गं? बोलला की!"