शंभर वर्षांनंतरचा राजमार्ग

बाळांनो, एका जंगलात भविष्याची फार काळजी वाहिली जाई. त्यासाठी वाघोबा महाराजांनी एक खास खातंच काढलं होतं. खात्याचा प्रमुख होता धनेश पक्षी. एवढी लांब चोच असलेल्याची नजरही लांबची असणार, असं महाराजांना वाटलं होतं.

उन्हाळा तापला होता. धनेशाची बायको झाडाच्या ढोलीत अंडी उबवत होती. धनेशांची रीत अशी, की मादी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. तिची पिसं झडतात. मग नवरा तिला फटीतून फळं भरवतो.

एका सकाळी धनेश उंबरं आणायला निघाला, तर डोंगरापलीकडे धूर. वणवा लागला होता आणि वारा जंगलाकडेच वाहत होता. तो तसाच दरबारात गेला.

“महाराज, वणवा येतोय. परवापर्यंत पोचेल. जंगलाच्या कडेचं वाळलं गवत आजच काढू या.”

कोल्हा प्रधान गालात हसला. “धनेशराव, तुमचं खातं भविष्याचं. परवा म्हणजे का भविष्य? ही तर घाई झाली.”

“आणि प्रजा उगाच घाबरेल,” महाराज म्हणाले. “जरा लांबचं, भव्य असं काही बोला.”

धनेश घरी आला. “आज चोच रिकामीच?” बायकोनं फटीतून विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

“मला काही उडता यायचं नाही,” ती म्हणाली. “त्यांना भव्य हवंय ना? मग भव्य द्या.”

दुपारी धनेश पुन्हा दरबारात उभा राहिला. “महाराज, शंभर वर्षांनी आपल्या खापरपणतवाची मिरवणूक निघेल. तिच्यासाठी जंगलाच्या कडेनं रुंद राजमार्ग हवा. वाटेत गवताची काडीही नको, राजपुत्रांच्या पायाला टोचेल. मुहूर्त मात्र आजचाच आहे.”

महाराजांचे डोळे पाणावले.

झालं. अस्वलांनी झुडपं उपटली. रानडुकरांनी जमीन उकरली. माकडांनी पाचोळा उचलला. कोल्ह्यानं भाषण केलं.

वणवा आला. धनेश ढोलीला पाठ लावून बसून राहिला. धुरानं त्याचे डोळे चुरचुरत होते. आग राजमार्गापाशी पोचली. पुढे खायला काहीच मिळेना, तेव्हा धुमसत धुमसत विझली.

“बाहेर काय झालं?” बायकोनं आतून विचारलं.

“रस्ता झाला,” धनेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. महाराज म्हणाले, “पाहिलंत? जंगलाचं पानही जळलं नाही. या धनेशाचं पहिलं म्हणणं ऐकून गवत उपटत बसलो असतो, तर राजमार्ग राहूनच गेला असता.”

सगळी सभा हसली. धनेशानं मान खाली घातली आणि उंबरं शोधायला निघून गेला. ढोलीत आता पिल्लं ओरडत होती.

तात्पर्य: दूरदृष्टी जरूर असावी. पण संकट दाराशी आलेलं दिसलं, तर ते शंभर वर्षं लांब आहे असं सांगावं. म्हणजे लोक ताबडतोब कामाला लागतात.