सभासद क्रमांक अकराच्या खरवसाची हकीकत

"साहेब, त्या खरवसात वेलदोडा होता की जायफळ?" ऐसा सवाल भर दरबारी, हजारभर टोप्या आणि तितकेच पदर समक्ष असता, आम्ही उभे राहून केला. तो आपले बुद्धीने केला नाही. मृणाल आणि रुबिना या आमच्या वर्गातील जिवलग मैत्रिणी, त्यांनी पैज घातली म्हणोन केला, हे आरंभीच नमूद असावे, म्हणजे पुढे सगळे खापर आमचे एकटीचे माथी फुटणार नाही. आता श्रीगजानन, श्रीशारदा आणि बाबांचे शाईचे पेन या तिघांस नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य तृतीयेस जे घडले ते जैसे घडले तैसे लिहितो.

एक दुधाचे राज्य होते. त्याचे नाव लिहीत नाही, कां की आमचे बाबा त्याच राज्यात नोकरीस आहेत. प्रजा म्हणजे म्हशी, आणि म्हशींचे कारभारी ते सभासद, आणि गावोगावच्या डेअऱ्या हे किल्ले, आणि सर्वांवर चेअरमनसाहेब, ज्यांस आम्ही या लिखाणात महाराज म्हणतो, समोर साहेबच म्हणतो. त्या राज्यात रीत ऐसी की कोणाचे घरी लग्न निघाले, कोणी वारले, कोणाची मुलगी फौजदार जाहली, अथवा कोणा जुन्या सभासदाने शेवटची म्हैस विकून दूध घालणे थांबविले, तर महाराजांचे अंतःकरणापासून आलेले पत्र त्याचे घरी जावे. आणि महाराजांचे अंतःकरण कचेरीचे दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनशेजारी, गॉगलवाल्या नटाच्या कॅलेंडराखाली बसत असे, म्हणजे आमचे बाबा, राज्याचे चिटणीस. वीस वर्षे त्यांनी महाराजांचे नावाने ऐसी पत्रे लिहिली की लोकांनी ती देव्हाऱ्याशेजारी चौकटीत लाविली. सोमवारी सह्या होत. शिपाई पत्रे एकाखाली एक सरकवून धरी, म्हणजे प्रत्येकाची फक्त सहीची जागा उघडी राही, आणि महाराज डाव्या हाताने फोन कानास लावून उजव्या हाताने चाळीस सह्या करीत, आणि वरील मजकूर दुःखाचा की आनंदाचा याची त्यांस गंधवार्ता नसे.

मग आषाढात ऐसे जाहले की बाबा दूध संघाचे फरशीवर, सांडलेल्या ताकावरून घसरले, आणि उजवे मनगट मोडले, आणि प्लास्टर चढले. राज्य पत्रांवाचून कैसे चालावे? आम्ही दहावीत, आणि नुकताच तालुक्याचे वक्तृत्व स्पर्धेत दुसरा क्रमांक पटकाविला होता, आणि धैर्य अंगात नवेच आले होते, नव्या चपलेसारखे, चालताना वाजे. बाबांस म्हटले, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो. दोन दिवस त्यांनी सांगितले. तिसरे दिवशी आम्ही म्हटले, नुसते नाव सांगा, बाकी आमचेकडे लागले. मग काय विचारता. एका कारभाऱ्याचे म्हातारे वारले, त्यांचे घरी ऐसे पत्र गेले की सुतक फिटल्यावरही लोक रडत होते म्हणतात. बाबांनी इतकेच बजाविले की, जरा कमी लिही, पकडले जाईल ऐसे काही घालू नको. आम्ही हो म्हटले, आणि पुढील पत्र घेतले.

ते पत्र केराबाईंचे. डेअरीचे सचिवाने फोनवर तीन ओळी कळविल्या: ओढ्यापलीकडील गाव, सभासद क्रमांक अकरा, संघ निघाला त्या वर्षापासून दूध घालीत होत्या, आता गुडघे धरले म्हणोन चिमणी नावाची शेवटची म्हैस विकली. संपले. एवढ्यावर रडू कोणास येणार? मग आम्ही विचार केला की महाराज तरुणपणी सायकलवरून गावोगाव हिंडले हे दरवर्षी अहवालाचे पान दोनवर छापलेले असते, आणि गवळ्याचे घरी खरवस असायचाच. आणि लिहिले: "तरुणपणी सायकलवरून फिरताना एके दुपारी आपल्या ओसरीवर बसून मी जो खरवस खाल्ला, त्याची गोडी आजही जिभेवर आहे. चिमणी आपल्या गोठ्यातून गेली, पण माझ्या मनातून जाणार नाही." आईने पोळ्या लाटता लाटता ते ऐकले आणि विचारले, "हे साहेबांना विचारलंस का गं?" आम्ही म्हटले, "साहेबांना काय विचारायचं? सहीला दोन बोटं जागा पुरते." आईचे लाटणे थांबले.

सोमवारी सही जाहली, पत्र गेले. कच्चा मसुदा आमचे भूमितीचे वहीत राहिला, तो मृणालने वाचला, रुबिनाने वाचला, आणि दोघी प्रमेय सुरू असता तोंडात ओढणी कोंबून हसल्या. रुबिना म्हणाली, एवढी शूर आहेस तर सभेत साहेबांना विचारून दाखव, त्या खरवसात वेलदोडा होता की जायफळ. मृणाल म्हणाली, नाही विचारणार ही, हिची फाटते. हा शब्द राजघराण्यातील नव्हे, तरी होता तैसा लिहिला. आणि आम्ही विडा उचलला.

वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे त्या राज्याचा दरबार. मांडव पडला, पेढा आणि मसाला दूध वाटले गेले, तेवढ्यासाठी दोघी मैत्रिणीही शाळेस दांडी मारून मागील रांगेत हजर. बाबांचा हात गळ्यात, म्हणोन इतिवृत्त लिहिण्यास आम्ही त्यांचेशेजारी. जुन्या सभासदांचे सत्कार निघाले, आणि केराबाई व्यासपीठावर आल्या: किडकिडीत, नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात आमचे पत्र, प्लॅस्टिकचे पिशवीत घातलेले. त्या म्हणाल्या की हे सर्वांसमोर वाचावे. निवेदकाने माइकवर वाचिले. महाराजांनी आपले पत्र प्रथमच ऐकिले, आणि खरवसापाशी येताच नॅपकिनाने डोळे टिपले, आणि सभेने टाळ्या पिटल्या. बाबा मात्र पांढरे पडले. खरवस त्यांनी लिहिलेला नव्हता.

मग शेवटचा विषय पुकारला, आयत्या वेळी येणारे प्रश्न, माननीय अध्यक्षांचे परवानगीने. मागून मृणाल खाकरली. आम्ही उठलो, आणि तो सवाल केला.

महाराजांनी छताकडे पाहिले, मग निवेदकाकडे, मग म्हणाले की वेलदोडाच असावा बहुतेक. तेव्हा केराबाई खुर्चीतून गुडघ्यावर हात देत उठल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही हुतं. पर खाल्लं कुणी? आरं दिनकरा, एक घास घेतलास आन् माझ्या अंगणात भडाभडा वकलास. वाससुदिक सोसंना तुला. हे पत्तर तुजं न्हाई. कुणी लिवलंय त्येवढं बघाय आले मी."

आता सगळे राज्य डगमगले. वीस वर्षांची पत्रे, भिंतीवरच्या चौकटी, बाबांची नोकरी, सारे एका घासावर टांगलेले. महाराजांनी हळू आवाजात विचारिले की हे पत्र कोणी लिहिले. तों आमचे बाबा उभे राहिले आणि "मी लिहिलं, साहेब," म्हणत उजवा हात वर केला. तो हात प्लास्टरात. पहिली रांग हसली, मग दुसरी, मग म्हशी ऐकतील इतका मांडव हसला. केराबाई म्हणाल्या, "त्या हातानं?" आम्हांस हसू आले नाही. धैर्य म्हणून जे वाजत होते ती चप्पलच होती, हे तेव्हा समजले. आम्ही म्हटले, "मी लिहिलं, आजी. खरवस मी बनवला."

मग जे जाहले ते कोणाचे मसुद्यात नव्हते. महाराज खुर्चीतून उठले, माइक बाजूस सारला, आणि केराबाईंचे शेजारी उकिडवे बसले आणि बोलू लागले, आणि पुढील चार रांगांसच ऐकू आले. म्हणाले की ओकलो हे खरे. पांढरा सदरा भरला होता, आणि पुढील गावी आयुष्यातले पहिले भाषण होते, आणि मावशींनी मालकांचा धुतलेला सदरा खुंटीवरून काढून दिला, आणि ताक पाजले, आणि ही गोष्ट उभ्या जन्मात कोणास सांगितली नाही. त्या सदऱ्यावर मी भाषण केले, आधीचे चौघे होते, त्या दिवशी सात जणी सभासद जाहल्या, मावशी अकरावी. इतके बोलून त्यांनी खिसे चाचपले, आणि या खेपेस नॅपकिन त्यांस सापडला नाही. केराबाई म्हणाल्या, "सदरा अजून आला न्हाई."

महाराजांनी आमचे हातातील पेन मागून घेतले, आणि अहवालाचे मागील कोऱ्या पानावर, उभी सभा वाट पाहात असता, स्वतः लिहिले. अक्षर म्हणजे कोंबडीने धूळ उकरावी तैसे. मजकूर इतकाच: "मावशी, सदरा आणून देतो. दिनकर." केराबाईंनी तो कागद चौघडी करून कनवटीस लाविला. आणि आमचे सुंदर पत्र, पिशवीसकट, आमचे हाती दिले आणि म्हणाल्या, "हे तुजं तू ठेव. अक्षर झ्याक हाय." ऐसा पराभव आमचा पानिपतासही लाजविणारा जाहला, आणि मृणाल व रुबिना पैज हरल्या तरी दुसरा पेढा त्यांनीच खाल्ला.

जाताना महाराज बाबांस इतकेच म्हणाले की हात बरा होईतो पोरीसच लिहू द्या.

एवंच तात्पर्य: राज्य राहिले, नोकरी राहिली, सदरा येणे बाकी आहे, आणि आम्ही जे घडविले त्याहून जे घडले होते तेच चांगले होते, फक्त कोणी विचारले नव्हते. घरी आल्यावर आई-बाबा जेवायला बसले, समोर पुढील पत्रांची यादी, सात नावे. आम्ही पेन ताटाशेजारी ठेविले आणि म्हटले, "आई, बाबा, मी ठरवलंय. पत्रं मी लिहीन, सगळी लिहीन. पण ज्याचं नाव खाली असणार, त्यानं आधी माझ्यासमोर बसून बोलायचं. तोवर मी पेनचं टोपण काढणार नाही. साहेब असले तरी. त्यांच्यासाठी झेरॉक्स मशीनशेजारी एक खुर्ची टाका."