हॅन्डलच्या मापाचा दांडा

बँकेच्या हेड कॅशियरनी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला बळी गेला तो बैठकीच्या खोलीतल्या पडद्याच्या दांड्याचा. पडदा सोफ्यावर लोळत होता आणि कॅशियर करवतीने दांडा कापत होते.

“अहो, लोक गाडी चालवून बघतात,” बायको म्हणाली.

“चालवून सगळ्याच चांगल्या वाटतात. प्रश्न चालण्याचा नाहीये, शिरण्याचा आहे. दुकानातल्या सगळ्यात अरुंद गाडीचं हॅन्डल बरोब्बर एवढं. हा दांडा जिथून जाईल, तिथून ती गाडी जाईल. आधी खात्री, मग खरेदी.”

“आणि माझा पडदा?”

“तुला पडद्याचं पडलंय! इथं किल्ली जायची वेळ आलीय.”

ते खरंच होतं. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी यांच्याकडे. दोन्ही फिरल्याशिवाय ती उघडत नसे. आपली किल्ली कमरेला लावून ते असे चालत, की जणू सगळी बँकच मागून येते आहे. पण बस रोज पुलावर अडकायची, आणि साहेबांनी बजावलं होतं, “आणखी एकदा उशीर झाला, तर किल्ली ज्युनिअरकडे.” ज्युनिअरने दुसऱ्याच दिवशी नवा पट्टा घेतला होता.

तसं घर काही फार लांब नव्हतं. पण हेड कॅशियरच पायी येऊ लागला, तर बँकेची पत ती काय राहणार?

तेव्हा सकाळच्या ऐन गर्दीत, डोक्यावर नवं कोरं हेल्मेट चढवून आणि दांडा छातीशी आडवा धरून, ते पुलावरच्या वाहनांत शिरले. दोन मोटारींच्या मधून दांडा सहज गेला. ट्रक आणि टेम्पोच्या मध्ये मात्र अडला. चुकलेल्या बेरजेकडे बघावं, तसं त्यांनी टेम्पोकडे बघितलं.

“साहेब, काय मोजताय?” टेम्पोवाल्याने घाबरत विचारलं.

“रुंदी,” हेल्मेटमधून आवाज आला.

“आयला! म्हणजे दंड होणार?”

“आधी माप तर बसू दे.”

टेम्पो मुकाट्याने सरकला. त्याचं बघून ट्रक सरकला. “रुंदी मोजतायत, कडेला घ्या रे!” अशी हाकाटी पुलाच्या टोकापर्यंत गेली. कॅशियरच्या पुढे रस्ता मोकळा होत गेला. मागे मात्र कडेला घेतलेली वाहनं एकमेकांत अशी रुतली, की कुणाला हलता येईना. त्यातच एक जाडजूड मोटारसायकल जीव खाऊन हॉर्न वाजवत होती.

कॅशियर बँकेत पोचले, तेव्हा झाडू मारणं चाललं होतं. हेल्मेट आणि दांडा कपाटामागे ठेवून ते तिजोरीपाशी ताठ उभे राहिले. ज्युनिअरचा चेहरा पडला. पुढे गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर गेली, तरी तिजोरी बंदच. साहेबांचा पत्ता नव्हता.

शेवटी साहेब धापा टाकत आले. “पुलावर कुणी हेल्मेटवाला रस्ता मोजत होता! माझी ही रेड्यासारखी गाडी, जागची हलेना. तुम्ही कसे काय पोचलात?”

“माप बरोबर असलं की अडत नाही, साहेब.”

“मग मी कुठली गाडी घेऊ? बोला.”

“सगळ्यात अरुंद हॅन्डलची,” कॅशियर म्हणाले आणि दुकानाचा पत्ताही दिला.

साहेबांनी लगेच ती गाडी घेतली. कॅशियरनी आपली खरेदी मात्र पुढे ढकलली. त्यांच्या मते चाचणी अजून पुरी व्हायची होती. ती रोज सकाळी पुलावर चालू राहिली.

“काय गाडी सुचवलीत हो!” साहेब आता वेळेवर येऊन म्हणतात. “तो मोजणीवाला रोज पुढे असतो, आणि ही बरोब्बर त्याच्या मागून निघते. दुसऱ्या कुठल्या गाडीला हे जमायचं नाही.”

“गाडी कुणीही घेतो, साहेब,” किल्ली फिरवत कॅशियर म्हणतात. “निवडायला नजर लागते.”