हिरव्या रिंगा आणि नामदेवकाका

नामदेवकाकांना "आज मंगळवार" असं सांगितलं, तरी ते विचारतात, "कशावरनं?" पुजाऱ्यानं हातात ठेवलेला प्रसादाचा नारळही ते कानाशी नेऊन हलवतात. भिवंडीजवळ खाडीकाठच्या अंजूरला मी त्यांचा शेजारी. म्हणजे माझ्यावरही संशय आलाच.

त्यांच्या जुन्या मोटारीचा एसी बंद पडला, नेमका त्याच उन्हाळ्यात काकूंचा दमा बळावला. दर शुक्रवारी त्यांना ठाण्याच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि वाटेत गोदामांच्या ट्रकांचा हा धुरळा. काच उघडली की काकूंना धाप, लावली की घुसमट. एसी हवाच होता. पण त्यात भरायचा जुना गॅस आता मिळेना.

भिवंडीचा सलीम मेकॅनिक म्हणाला, "चाचा, नया गॅस डालेंगे. तेल भी नया, और हर जोड का रिंग बदलना पडेगा. काला रबर नहीं चलेगा, हरावाला लगेगा."

"हिरवाच कशाला?"

"नये तेल में वही टिकता है."

"कशावरनं? हिरवा रंग तं मी पन देन काल्या रबराला."

मला हसू आलं, पण म्हातारा चुकत नव्हता. नुसत्या रंगावरून रबर कळत नाही, हे सलीमनंही कबूल केलं. त्यानं नव्या गॅसच्या रिंगांचं बंद पाकीट आणलं. काका म्हणाले, पाकीट काय, कोनी पन छापतो.

शेवटी तीन रिंगा आणि तेलाचा डबा घेऊन ते घरी आले. वाटीत तेल ओतून दोन रिंगा भिजत घातल्या. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या कोऱ्या रिंगेशेजारी ठेवून बघायचे, फुगल्या का म्हणून. डब्याचं झाकण उघडंच. येता-जाता तेलाचा वास घेता यावा ना!

रिंगा फुगल्या नाहीत. काका ऐटीत डबा घेऊन गॅरेजवर गेले, मीही सोबत. सलीमनं कपाळाला हात लावला.

"चाचा, ये तेल हवा का पानी खींचता है. दो दिन खुला रखा? अब फेंको इसे."

जगभर भेसळ शोधणाऱ्या माणसानं स्वतःच तेलात खाडीची दमट हवा मिसळली होती. मी टोमणा मारणार होतो, पण त्यांचं तोंड पार उतरलं होतं. "आता शुक्रवारी तिला कशी नेऊ?" एवढंच ते म्हणाले. सलीमनं हातातली कामं बाजूला सारली, नवा डबा आणला आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी तयार केली.

शुक्रवारी दुपारी पाहतो तर गाडी त्यांच्या अंगणात, इंजिन चालूच. आत काका मान मागे वळवून बसलेले. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. मी काचेवर टकटक केली. त्यांनी काच बोटभर खाली घेतली.

"कवाचे आलोत आमी, तास झाला," ते हळूच म्हणाले.

"मग उतरत का नाही?"

मागच्या सीटवर काकू डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. श्वास संथ चालला होता.

"महिना झाला, रात्र रात्र बसून काढते ती. मी पन जागाच असतो. आता डोला लागलाय तिचा," काका म्हणाले. "तू जा. गारवा बाहेर जातोय."

आणि त्यांनी काच वर केली.